अबोल मुलीने मोठ्या शहरी विद्यापीठात पदवीसाठी जावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला पदवीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. एक विद्यापीठ महानगराच्या मध्यभागी आहे आणि तेथे चाळीस हजारांच्या आसपास विद्यार्थी शिकतात; दुसरे लहान गावातले, जेमतेम दोन हजार विद्यार्थ्यांचे महाविद्यालय आहे. मुलगी हुशार आहे, पण अबोल आहे. जीवशास्त्र घ्यावे की अर्थशास्त्र, हे तिचे अजून ठरलेले नाही, आणि एवढ्या गर्दीत ती हरवून जाईल अशी आईला भीती वाटते. पदवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाबाबत सल्ला देण्याचे काम मी बावीस वर्षे केले आणि त्यातली बहुतेक वर्षे अशाच एका मोठ्या शहरी विद्यापीठात गेली, त्यामुळे ही भीती माझ्या चांगल्याच परिचयाची आहे. ती निराधार नाही, मात्र ती चुकीच्या जागी रोखलेली आहे असे मला वाटते.

माझ्यासमोर बसून रडलेले विद्यार्थी बहुतेक वेळा अबोल नव्हते. मित्रांत रमणारी, बोलकी मुलेही सत्राच्या आठव्या आठवड्यात तीन विषयांत मागे पडून माझ्याकडे येत, आणि 'प्राध्यापकांना भेटलास का?' या प्रश्नावर खाली बघत. उलट वर्गात तोंडही न उघडणारी कितीतरी मुले ठरलेल्या वेळी प्राध्यापकांच्या दारावर टकटक करून एकच शंका विचारीत आणि निघून जात. ती मुले तरली. तेव्हा तुमची मुलगी किती बोलते यापेक्षा, अडल्यावर ती मदत मागते का, हे पाहायला हवे. त्याच्या जोडीचा प्रश्न विद्यापीठाला विचारायचा आहे: पहिल्या सहा आठवड्यांत ती अशा एखाद्या लहान गटात पोहोचेल का, की जेथे ती एका दिवशी आली नाही तर कोणाच्या तरी ते लक्षात येईल? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की चाळीस हजार हा आकडा बराचसा निष्प्रभ होतो.

त्याआधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. 'मोठे' आणि 'शहरी' हे दोन स्वतंत्र गुण आहेत आणि त्यांचे फायदेतोटेही स्वतंत्र आहेत. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे मुख्य संकुल अवाढव्य आहे, पण ते स्टेट कॉलेज नावाच्या छोट्या गावात आहे. तेथे विद्यापीठ हेच गाव. न्यूयॉर्क विद्यापीठाला कुंपण असे नाहीच, वॉशिंग्टन स्क्वेअर या सार्वजनिक बागेभोवतीच्या रस्त्यांवर त्याच्या इमारती विखुरलेल्या आहेत. त्याच शहरातील कोलंबिया विद्यापीठाला मात्र फाटक आहे, आतले चौक आहेत, आणि आत शिरल्यावर शहर मागे राहते. टोरांटो विद्यापीठाची तीन संकुले मिळून नव्वद हजारांहून अधिक विद्यार्थी आहेत, परंतु शहराच्या मध्यातील संकुलात कला व विज्ञान शाखेचा पदवीचा प्रत्येक विद्यार्थी सातपैकी एका कॉलेजचा सदस्य असतो आणि त्या कॉलेजचे स्वतःचे कार्यालय, सल्लागार व वसतिगृह असते. ही चारही ठिकाणे 'मोठे विद्यापीठ' या एकाच नावाखाली मोडतात, पण तेथे अठरा वर्षांच्या मुलीचा मंगळवार चार वेगवेगळ्या प्रकारे जाईल. म्हणून एकंदर विद्यार्थीसंख्या ऐकून घाबरू नये, आणि नावलौकिक ऐकून भुलूही नये.

आता आकड्यांकडे वळते, कारण येथे दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे असतात. माहितीपत्रकात 'विद्यार्थी-शिक्षक प्रमाण' मोठ्या अक्षरांत छापलेले असते, आणि पालक ते वर्गातील विद्यार्थ्यांची संख्या समजून वाचतात. ते तसे नाही. बहुतांश वेळ संशोधनात किंवा पदव्युत्तर वर्गांवर घालवणारे प्राध्यापकही त्या हिशेबात येऊ शकतात. त्यामुळे पंधरास एक असे प्रमाण आणि चारशे जणांचे सभागृह ही दोन्ही एकाच विद्यापीठात सुखाने नांदतात. सरासरी वर्गसंख्येचा आकडा अधिक प्रामाणिक वाटतो, पण त्यातही एक गंमत आहे. समजा, प्रथम वर्षाचे १० वर्ग आहेत. ९ वर्गांत प्रत्येकी २० विद्यार्थी आणि दहाव्यात ४२०. एकूण जागा ६००, वर्ग १०, म्हणजे सरासरी ६०. हा आकडा छापणारे विद्यापीठ खोटे बोलत नाही. पण त्या ६०० जागांवर बसलेल्यांना एकेक करून 'तुझ्या वर्गात किती जण आहेत?' असे विचारले, तर १८० जण २० म्हणतील, ४२० जण ४२० म्हणतील आणि या उत्तरांची सरासरी ३०० येईल. विद्यापीठाचा सरासरी वर्ग साठाचा आणि विद्यार्थ्याचा तीनशेचा, आणि दोन्ही हिशेब बरोबर! अमेरिकेतील बरीच विद्यापीठे 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यात २ ते ९ विद्यार्थ्यांचे वर्ग किती, १० ते १९ चे किती, असे करत १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थ्यांचे वर्ग किती, हे गटवार दिलेले असते. सरासरी सोडून द्यावी आणि त्या शेवटच्या रकान्याकडे पाहावे. असा तक्ता मिळाला नाही, तर ज्या विषयांत मुलीला रस आहे त्यांच्या प्रथम वर्षाचे वेळापत्रक मागवून प्रत्येक वर्गाची क्षमता स्वतः मोजावी. जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र हे दोन्ही विषय बहुतेक ठिकाणी प्रथम वर्षाला सर्वांत मोठ्या सभागृहांत शिकवले जातात, हे मी आधीच सांगून ठेवते. तेच विभाग तिसऱ्या वर्षी पंधरा-वीस जणांचे वर्गही चालवतात.

मोठे सभागृह हे आपोआप वाईट शिक्षण नव्हे. चारशे जणांसमोर उत्तम बोलणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत आणि बारा जणांना झोपवणारेही. खरे शिकणे पुष्कळदा त्या लेक्चरला जोडलेल्या ट्युटोरियलमध्ये होते. वीस-पंचवीस जणांचा हा तास बहुधा पीएचडी करणारा संशोधक विद्यार्थी घेतो, आणि यावर पालक नाके मुरडतात. माझा अनुभव असा की हा संशोधक विद्यार्थी चार-पाच वर्षांपूर्वी त्याच बाकावर बसून त्याच ठिकाणी अडखळलेला असतो, त्यामुळे त्याला अडचण लवकर कळते. तो अननुभवी असू शकतो, त्याला स्वतःचा प्रबंध पुरा करायची घाई असू शकते, हेही खरे. म्हणून विचारायचे ते एवढेच की ट्युटोरियल सक्तीचे आहे का, हजेरी कोण घेते, आणि सलग दोन तास न आलेल्या विद्यार्थ्याचे पुढे काय होते. या तिसऱ्या प्रश्नावर समोरची व्यक्ती गडबडली, तर ती गडबड हेच तुमचे उत्तर आहे.

येथे गणितज्ञ युरी ट्राइसमन यांच्या कामाची आठवण करून देणे भाग आहे, कारण या विषयावर मला त्याहून अधिक शिकवणारे काही सापडलेले नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतील संकुलात, म्हणजे एका प्रचंड सार्वजनिक विद्यापीठात, १९७० च्या दशकात त्यांनी कॅल्क्युलस शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. कृष्णवर्णीय विद्यार्थी या विषयात मोठ्या प्रमाणात मागे पडत होते, आणि त्याचे खापर तयारीच्या अभावावर, घरच्या परिस्थितीवर किंवा प्रेरणेच्या उणिवेवर फोडले जात होते. ट्राइसमन यांनी प्रश्नावल्या बाजूला ठेवल्या आणि ते प्रत्यक्ष मुलांबरोबर राहिले. ती कधी, कुठे, कोणाबरोबर अभ्यास करतात हे त्यांनी पाहिले. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकेकटे बसून गणिते सोडवीत, मग एकत्र येऊन उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, आणि कोणालाच न सुटलेले गणित खरोखरच अवघड आहे हे त्यांना त्यातून कळे. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, नेमाने बसत होते, पण एकटे. आपले उत्तर चुकले ते आपल्यालाच येत नाही म्हणून, की गणितच कठीण आहे म्हणून, हे कळायला त्यांच्याजवळ मार्ग नव्हता. पुढे अवघड गणिते गटाने सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू झाल्या आणि निकाल स्पष्टपणे सुधारले.

माझ्याकडे आलेली एक मुलगी या चित्रात अचूक बसते. शाळेत नेहमी पहिली आलेली, आणि रसायनशास्त्राच्या पहिल्या चाचणीत शंभरपैकी एक्केचाळीस गुण. तिने आपली वही मला दाखवली: स्वच्छ अक्षर, दोन रंगांची शाई, प्रत्येक लेक्चरची तारीख. वहीत एकही प्रश्नचिन्ह नव्हते. 'वर्गाची सरासरी किती होती?' असे मी विचारले, तर तिला माहीत नव्हते. विचारायला कोणी ओळखीचेच नव्हते. सरासरी अडतीस होती. पाच आठवडे ती चौदाव्या रांगेत बसत होती आणि शेजारी बसणाऱ्यांची नावे तिला ठाऊक नव्हती. मी तिला रसायनशास्त्राच्या मदतकेंद्रात रोज संध्याकाळी पाचला जाऊन त्याच टेबलावर बसायला सांगितले. बोललेच पाहिजे असे नाही, फक्त बसायचे. तिसऱ्या आठवड्यात त्या टेबलावर चौघी जमल्या होत्या. मी केले ते एवढेच. मात्र त्यासाठी ती माझ्या खोलीपर्यंत यावी लागली, आणि ती आली ती तिच्या वसतिगृहातल्या एका वरच्या वर्गातील मुलीने हाताला धरून आणली म्हणून. 'पाण्यात पडले की पोहता येते' असे जे सांगतात, त्यांनी बहुधा पोहून बाहेर आलेलेच पाहिलेले असतात.

विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात याची मांडणी करताना शिक्षण-संशोधक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये याच गोष्टीवर भर दिला होता: विद्यार्थी संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात किती गुंफला जातो, यावर त्याचे टिकणे बरेच अवलंबून असते. मोठ्या विद्यापीठांनाही हे कळत होते. साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७० च्या विद्यार्थी असंतोषानंतर नव्या विद्यार्थ्यांसाठी लहान गटांत चालणारा एक अभ्यासक्रम १९७२ मध्ये सुरू झाला, आणि त्या धर्तीचे प्रथम वर्षाचे सेमिनार पुढे अनेक ठिकाणी आले. काही विद्यापीठांत वीस-पंचवीस विद्यार्थ्यांचा एक गट दोन-तीन विषयांना एकत्रच बसवला जातो, काही ठिकाणी ऑनर्स कॉलेज, म्हणजे निवडक विद्यार्थ्यांसाठीचा वेगळा छोटा विभाग, असतो. तुमची मुलगी ज्या विद्यापीठाचा विचार करते आहे तेथे असे काही आहे का, हे पाहावेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते सर्वांना मिळते की अर्ज करून निवडक शंभर जणांना, हे पाहावे. माहितीपत्रकातील छायाचित्रांत नेहमी ते शंभर जणच असतात.

विषय अजून ठरलेला नाही, ही गोष्ट मोठ्या विद्यापीठाच्या बाजूने जाते, आणि तिच्यातच एक खाच आहे. जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या मधल्या जागेत सार्वजनिक आरोग्य, संख्याशास्त्र, पर्यावरणाचे अर्थशास्त्र असे कितीतरी विषय आहेत, ज्यांची नावेही बारावीच्या विद्यार्थ्याला माहीत नसतात, आणि दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात त्यांचे विभागही नसतात. मात्र 'येथे दीडशे विषय आहेत' म्हणजे त्या दीडशेही विषयांची दारे उघडी आहेत असे नव्हे. मागणी असलेल्या विषयांना प्रथम वर्षानंतर गुणांची अट किंवा जागांची मर्यादा असते. एखादा आवश्यक विषय नोंदणी सुरू होताच भरतो, आणि वेटिंग लिस्टवर राहिलेल्याचे एक सत्र लांबते. माझ्या कामातला सर्वांत मोठा मनस्ताप याच कारणाने होत असे. म्हणून 'विषय बदलता येतो का?' असे विचारू नका, त्याचे उत्तर सगळीकडे 'हो' असेच येते. 'मागच्या वर्षी अर्थशास्त्रात नंतर येऊ इच्छिणाऱ्या किती जणांना प्रवेश मिळाला?' असे विचारा.

संशोधनाची संधी हा मोठ्या विद्यापीठाचा खरा ऐवज आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सहभागी करून घेणारा कार्यक्रम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये सुरू केला, आणि तशा योजना आता पुष्कळ ठिकाणी आहेत. प्रयोगशाळा तेथे असतातच, पण आत कोणी बोलावत नाही. चार ईमेल पाठवले की एकाचे उत्तर येते. अबोल मुलांना हे लेखी मागणे तोंडी मागण्यापेक्षा सोपे जाते, असे मी पाहिले आहे.

शहराबद्दल. अभ्यास आणि काम यांची सांगड घालणारे सहकारी शिक्षण हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये सुरू केले ते सिनसिनाटी विद्यापीठात, आणि ते तेथे शक्य झाले याचे साधे कारण म्हणजे शहरात कारखाने होते. रुग्णालये, न्यायालये, वृत्तपत्रांची कार्यालये, संग्रहालये चालत जाण्याच्या अंतरावर असतील, तर सत्र चालू असतानाही आठवड्यातून दोन दिवस इंटर्नशिप करता येते. लहान गावातल्या विद्यार्थ्याला त्यासाठी सुट्टीची वाट पाहावी लागते. पण शहर जितके देते तितके उकळतेही. वसतिगृहाची हमी पुष्कळदा पहिल्या वर्षापुरती असते. दुसऱ्या वर्षी परवडणारी खोली शोधत विद्यार्थी दूर सरकतो. रोज जायला एक तास आणि यायला एक तास धरला, तर आठवड्याचे पाच दिवस आणि पंधरा आठवड्यांचे सत्र मिळून १५० तास होतात. आठवड्याला तीन तास शिकवल्या जाणाऱ्या विषयाचे त्याच सत्रात ४५ तास भरतात. म्हणजे तीन विषयांच्या सगळ्या लेक्चरांहून जास्त वेळ गाडीत जातो, आणि तो जातो नेमका संध्याकाळचा, ज्या वेळी ते पाच वाजताचे टेबल जमते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी कितीजण पायी येण्याच्या अंतरावर राहतात, हा प्रश्न म्हणून मी नेहमी विचारायला लावते. सुरक्षिततेविषयी लोक फार बोलतात. रात्री ग्रंथालयातून वसतिगृहापर्यंतचा रस्ता एकदा स्वतः चालून पाहावा, त्याहून अधिक सांगण्यासारखे माझ्याजवळ नाही.

लहान महाविद्यालयाची बाजू मला कमी लेखायची नाही. तेथे अनुपस्थिती लपत नाही, प्राध्यापक नावाने हाक मारतात, आणि मदत मागण्याची सवय नसलेल्या विद्यार्थ्याला मदत स्वतःहून शोधत येते. ज्या विद्यार्थ्याला आजवर प्रत्येक गोष्टीसाठी कोणीतरी आठवण करून दिली आहे, त्याच्यासाठी मी निःशंकपणे लहान जागा सुचवते. पण तीन शिक्षकांच्या विभागातील एक रजेवर गेला की वरच्या वर्गांचा निम्मा अभ्यासक्रम त्या वर्षी उघडतच नाही. शिवाय लहान जागेत पहिल्या महिन्यात बसलेला शिक्का चार वर्षे पुसत नाही. अबोल मुलीला 'अबोल' म्हणूनच ओळखले जाते आणि तीही तशीच वागत राहते. मोठ्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षी नव्या वर्गात ती नवी म्हणून बसू शकते. ही सोय मी अनेकांना उपयोगी पडलेली पाहिली आहे, आणि माहितीपत्रकात तिचा उल्लेख कोणी करत नाही.

भेट द्यायची असेल तर प्रवेशाच्या स्वागतदिनी जाऊ नका. त्या दिवशी सगळी झाडे पाणी घातलेली असतात. सत्राच्या मध्यात एखाद्या मंगळवारी जा. मोठे लेक्चर सुटण्याच्या वेळी दाराशी उभे राहा: मुले दोघातिघांत बोलत बाहेर पडतात की एकेकटी कानांत इयरफोन घालून, हे पाहा. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळी मार्गिकेत रांग आहे की दारे बंद आहेत, हे पाहा. दुपारी एकच्या लेक्चरनंतर चारपर्यंत मोकळा वेळ असलेला विद्यार्थी कुठे बसतो, ते एखाद्याला विचारा. आणि मुलीला अर्धा दिवस एकटे सोडा.

शेवटी, निर्णयाची तारीख जवळ असेल आणि भेट शक्य नसेल, तर एक गोष्ट या आठवड्यात करता येईल. मुलीने दोन्ही ठिकाणच्या जीवशास्त्र विभागाच्या पदवी-सल्लागारांना प्रत्येकी एक ईमेल पाठवावा: प्रथम वर्षात जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र दोन्ही घेऊन पाहायचे असेल तर वेळापत्रक कसे बसवावे, आणि एक वर्षाने जागा बदलावीशी वाटली तर कोणते क्रेडिट दुसरीकडे चालतील. उत्तर किती दिवसांत येते, ते ठरावीक मजकुराचे आहे की तिच्या प्रश्नाला धरून, आणि त्याखाली माणसाचे नाव आहे की नुसते कार्यालयाचे, हे तुम्ही दोघी मिळून पाहा. मात्र तो ईमेल तुम्ही लिहून देऊ नका, आणि तिने तो पाठवायला किती दिवस लावले, तेवढे मनात मोजून ठेवा.